दुखणे अंगावर काढू नये

(एका उपनगरातील वासंतिक व्याख्यानमालेत ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



संयोजकांनी मला विषय निवडण्याचे स्वातंत्र्य दिले, तेव्हा पत्रकार म्हणजे राजकारणावरच बोलणार असे त्यांनी गृहीत धरले असावे. मी मात्र आज आजारपणाच्या रजेवर बोलणार आहे. विषय किरकोळ वाटेल. पण समोर डॉक्टर, परिचारिका, पोलीस दलातील मंडळी, बँकेतले अधिकारी, संगणक क्षेत्रातले तरुण आणि पूर्ण वेळ सामाजिक काम करणारे कार्यकर्ते बसलेले दिसतात. ताप असताना कामावर गेला नाही असा एकही जण या सभागृहात नसेल, असे मी धाडसाने म्हणतो.

आपल्या मराठीत यासाठी एक नेमका शब्दप्रयोग आहे. दुखणे 'अंगावर काढणे'. या शब्दांत थोडे कौतुक आहे आणि थोडी काळजीही आहे. घरातली आजी हे शब्द काळजीने उच्चारते, कार्यालयातला वरिष्ठ ते कौतुकाने उच्चारतो. काळजीचा शब्द कौतुकाचा केव्हा आणि का झाला, याचा विचार आज करायचा आहे.

आरंभ स्वतःपासून करतो. वृत्तपत्राच्या रात्रपाळीत माझी उमेदीची वर्षे गेली. सलग अकरा वर्षे मी आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती आणि हे मी नव्या मुलांना अभिमानाने सांगत असे. कांजिण्यांचे फोड वाळायच्या आत मी कामावर हजर झालो होतो. आज त्या आठवणीने मान खाली जाते, कारण त्या वेळी माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी भगिनी गर्भवती होती. तिला काही झाले नाही ही ईश्वराची कृपा. माझ्या कर्तव्यनिष्ठेचा त्यात काहीही वाटा नाही.

दुसरा प्रसंग याहून कठीण आहे. तो मी आजवर जाहीरपणे सांगितलेला नाही.

१६ मे २०१४. लोकसभा निवडणुकीचा निकाल. आपल्यापैकी अनेकांना तो दिवस आनंदाचा म्हणून आठवत असेल. वृत्तपत्राच्या कार्यालयात असा दिवस लग्नघरासारखा असतो. मी तेव्हा वृत्तसंपादनाचा प्रमुख होतो. आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते, वय एक्कावन्न. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मतदारसंघाचा इतिहास त्यांना मुखोद्गत असे. कोण कोणत्या साली किती मतांनी पडला, हे कागद न पाहता सांगत. सकाळी त्यांचा दूरध्वनी आला. म्हणाले, "छातीत जड वाटतंय. रात्री झोप नाही. आज नको येऊ का?" मी काय म्हणालो ते शब्दशः आठवते. मी म्हणालो, "आजच? बरं, बघा तुम्हाला कसं जमतंय ते."

मी त्यांना या म्हटले नाही आणि येऊ नका असेही म्हटले नाही. वरिष्ठाच्या तोंडच्या 'बघा कसं जमतंय' या वाक्याचा अर्थ प्रत्येक नोकरदाराला ठाऊक असतो. अकरा वाजता ते हजर झाले. दिवसभर काम केले. पहाटे अंक छपाईला गेला, मंडळींनी पेढे वाटले आणि जिना उतरताना ते दुसऱ्या मजल्यावर खाली बसले. हृदयाचा मोठा भाग कायमचा निकामी झाल्याचे नंतर डॉक्टरांनी सांगितले. ते वाचले, परंतु पुन्हा कधी रात्रपाळीला आले नाहीत. दोन जिने चढणेही त्यांना जमेना.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्यांच्या पत्नी मला भेटल्या. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणीही नव्हते. एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही नुसतं 'येऊ नका' म्हणाला असतात, तर ते थांबले असते. माझं ऐकत नव्हते, तुमचं ऐकलं असतं."

बंधुभगिनींनो, त्या एका वाक्याने मला या विषयापाशी आणून उभे केले आहे.

शौर्याचा भ्रम

आजारी असताना माणूस कामावर का येतो? पगार कापला जाईल म्हणून येतो हे एक उत्तर आहे, आणि हातावर पोट असणाऱ्याच्या बाबतीत ते पूर्ण खरे आहे. पण ज्याची रजा खात्यावर शिल्लक आहे, तोही येतो.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील लहान मुलांच्या एका मोठ्या रुग्णालयातील पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. पाचशेहून अधिक डॉक्टर व अन्य चिकित्सकांनी तिच्यात उत्तरे दिली. आजारी अवस्थेत काम केल्यास रुग्णांना धोका पोहोचतो, हे त्यांपैकी सुमारे ९५ टक्क्यांना मान्य होते. तरीही सुमारे ८३ टक्क्यांनी मागच्या वर्षभरात किमान एकदा आजारी असताना काम केले होते. कारण विचारले, तेव्हा जवळजवळ सर्वांनी सांगितले की सहकाऱ्यांना अडचणीत टाकायचे नव्हते. म्हणजे अज्ञान नाही, केवळ पैशाचा प्रश्नही नाही. चांगुलपणातूनच हानी घडते आहे. सज्जन माणूस विचार करतो, मी गेलो नाही तर माझे ओझे दुसऱ्यावर पडेल. आणि त्या सज्जनपणाच्या आधारावर संस्था निर्धास्त राहते.

आपल्याकडच्या निवासी डॉक्टरांकडे पाहा. त्यांच्या सलग कामाचे तास सर्वसाधारणपणे बारापेक्षा अधिक नसावेत आणि आठवड्याला एक सुट्टी असावी, असे निर्देश केंद्र सरकारने १९९२ सालीच दिले होते. प्रत्यक्षात सलग चोवीस आणि छत्तीस तास जागणारी मुले-मुली आजही आपल्या सरकारी रुग्णालयांत दिसतात. त्यांच्यातला एखादा तापाने फणफणला, तर सलाईन लावून घेतो, तास-दोन तास पडतो आणि पुन्हा वॉर्डात जातो. वरिष्ठ सांगतात, "आमच्या वेळी आम्हीही असेच केले." एका पिढीने सोसलेला त्रास दुसऱ्या पिढीला वारसा म्हणून द्यायचा, ही गुरुपरंपरा नव्हे. गुरू शिष्याला विद्या देतो, स्वतःचे व्रण देत नाही.

जपानसारख्या उद्यमी राष्ट्राने या मार्गाचा शेवट पाहिला आहे. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूसाठी त्यांच्या भाषेला 'कारोशी' हा स्वतंत्र शब्द घडवावा लागला. तिथे नोंदला गेलेला असा पहिला मृत्यू १९६९ सालचा आहे. एका मोठ्या वृत्तपत्राच्या पाठवणी विभागात काम करणारा अवघा एकोणतीस वर्षांचा तरुण मेंदूच्या आघाताने गेला. तो माझ्याच व्यवसायातला होता, म्हणून हा तपशील मला विसरता येत नाही. पुढे २०१४ साली जपानला अशा मृत्यूंच्या प्रतिबंधासाठी कायदा करावा लागला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्त अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करण्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे हृदयविकार आणि मेंदूच्या आघाताने दगावली, असा तो अंदाज आहे. युद्धात माणसे मेली तर आपण आकडे छापतो. ही माणसे मात्र 'अचानक गेली' अशी बातमी होते.

आपली परंपरा काय सांगते?

कुणी म्हणेल, आपली संस्कृती तपाची आहे, त्यागाची आहे. निश्चितच आहे. पण परंपरा नीट वाचली पाहिजे. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात पार्वती उग्र तप करते आहे. ब्रह्मचाऱ्याच्या वेषात प्रत्यक्ष शंकर तिच्यापुढे येतात आणि तिची विचारपूस करताना, आपल्या शक्तीच्या मर्यादेत तप करतेस ना, असे विचारतात. शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे, हे सुप्रसिद्ध वचन त्या प्रसंगातले आहे. ते आळशाला उद्देशून नव्हे, तर तपस्विनीला उद्देशून उच्चारलेले आहे, हे आपण लक्षात घेत नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जे वेग कधी अडवू नयेत, असे तेरा नैसर्गिक वेग सांगितले आहेत. भूक आणि तहान यांच्याबरोबर त्यांत निद्रा आहे आणि श्रमाने लागलेली धापही आहे. म्हणजे दमलेल्या माणसाला दम घेऊ न देणे हे आपल्या वैद्यकशास्त्राने रोगाचे कारण मानले. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति झोपणाऱ्याला जसा योग साधत नाही, तसाच अति जागणाऱ्यालाही साधत नाही असे भगवंत सांगतात. मध्यम मार्ग हा दुबळ्यांचा मार्ग नाही. तो दूरच्या प्रवासाला निघालेल्यांचा मार्ग आहे.

येथे एक शंका रास्त आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची सेवा करताना देह ठेवला. त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे प्लेगग्रस्तांच्या सेवेतच गेले. त्यांनी दुखण्याचा विचार केला असता काय? या विभूतींनी इतरांच्या प्राणांसाठी आपला प्राण पणाला लावला. आगीत शिरणारा अग्निशामक जवान, सीमेवरचा सैनिक, महामारीतली परिचारिका हे सारे त्याच वाटेचे यात्री. परंतु तिमाही ताळेबंदासाठी, सादरीकरणासाठी किंवा माझ्यासारख्याच्या निकाल विशेषांकासाठी छातीतले दुखणे दाबणे ही त्या बलिदानाची नक्कल आहे. बलिदानाचे मोल त्याच्या कारणावरून ठरते. आणि लोखंडे यांचे स्मरण करताना हेही सांगितले पाहिजे की, 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला, म्हणून १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली. ज्याने स्वतः प्राण वेचला, त्याने इतरांसाठी मात्र विश्रांती मागितली. मोठ्या माणसाची खूण हीच असते.

कायदा आहे, मन नाही

आपल्या देशात तरतुदी नाहीत असे नाही. कर्मचारी राज्य विमा योजना १९५२ साली कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली. तिच्यात आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम देण्याची सोय आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या रजा नियमांत वर्षाला वीस दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती निम्म्या दिवसांच्या पूर्ण वेतनी रजेत बदलता येते. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली झालेल्या कायद्यातही वैद्यकीय रजेची स्वतंत्र तरतूद करण्यात आली होती. मी अकरा वर्षे तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही आणि माझ्या हाताखालच्यांनाही पाहू दिले नाही. कागदावरचा हक्क मनाने मान्य केल्याशिवाय माणसापर्यंत पोहोचत नाही.

दुसरी बाजूही परखडपणे मांडायला हवी. आजारपणाची रजा मेहुणीच्या लग्नासाठी, आंब्याच्या हंगामासाठी आणि क्रिकेटच्या सामन्यासाठी वापरणारे आपल्यातच आहेत. वर्ष संपत आले की 'रजा वाया जाईल' म्हणून आजारी पडणारेही आहेत. ओळखीच्या दवाखान्यातून हवे त्या तारखेचे प्रमाणपत्र आणणारे महाभाग सर्वांना ठाऊक आहेत. ही चोरी आहे, आणि ती मालकाची नसून सहकाऱ्याची आहे. खोट्या प्रत्येक अर्जामागे पुढच्या खऱ्या आजाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. माझ्या त्या सहकाऱ्याने उभ्या नोकरीत एकदाही खोटी रजा घेतली नव्हती. तरीही मी 'आजच?' असे विचारले, कारण तो प्रश्न माझ्या जिभेवर दुसऱ्यांच्या खोटेपणाने ठेवलेला होता. माझा दोष त्याने कमी होत नाही, पण खोटी रजा घेणाऱ्यांनी त्यातला आपला वाटा ओळखावा.

परिवार कशाला म्हणायचे?

आजकाल प्रत्येक कंपनी कर्मचाऱ्यांना सांगते, आपण एक परिवार आहोत. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा वर्गसंघर्षाच्या जागी त्यांनी औद्योगिक परिवाराची कल्पना मांडली. श्रमिकांनी राष्ट्रहितासाठी काम करावे आणि कामाचे पुरते मोल घ्यावे, अशी ती दुहेरी भूमिका होती. परिवार हा शब्द भिंतीवर लावायचा फलक नाही, त्यात दोन्हीकडची बांधिलकी येते. परिवारात कुणाला ताप आला, तर त्याच्या वाटणीचे काम न बोलता दुसरा उचलतो आणि त्याला पेज करून देतो. जो परिवार तापलेल्या माणसाला प्रमाणपत्र मागतो, त्याने हा शब्द जपून वापरावा.

आता थोडे आपल्या घरातही डोकावू. आपल्या मध्यमवर्गीय घरात आईला आजारपणाची रजा असते का? अंगात ताप असताना डबे भरणारी बाई आपण सर्वांनी पाहिली आहे आणि 'आई कधी आजारीच पडत नाही' असे कौतुकही केले आहे. मुले हेच पाहून मोठी होतात. पुढे कार्यालयात दुखणे दडवणारा तरुण हा धडा व्यवस्थापनाच्या महाविद्यालयात शिकलेला नसतो, तो स्वयंपाकघराच्या दारात शिकलेला असतो.

आणि आपल्या कार्यकर्त्यांचे काय? श्रीगुरुजींनी १९७० साली कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यानंतरही प्रवास केला, हे उदाहरण आपण नेहमी देतो. त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि आपल्या पश्चात काम कुणी पाहावे हे पत्र लिहून निश्चित करून ठेवले, हा त्या उदाहरणाचा उत्तरार्ध मात्र आपण गाळतो. बाळासाहेब देवरस यांनी तर पुढचे पाऊल टाकले. प्रकृती साथ देईना, तेव्हा मार्च १९९४ मध्ये त्यांनी हयातीतच सरसंघचालकपदाची जबाबदारी रज्जूभैयांकडे सोपवली. तोवर तसे घडले नव्हते. पुढे रज्जूभैयांनी २००० साली आणि सुदर्शनजींनी २००९ साली तीच वाट धरली. 'माझे शरीर आता हे ओझे पेलत नाही' असे सर्वोच्च पदावरचा माणूस सांगू शकतो आणि काम एक दिवसही थांबत नाही. मग एखाद्या शाखेच्या मुख्य शिक्षकाला किंवा वस्तीवरच्या सेविकेला 'आज बरे नाही' म्हणताना अपराधी का वाटावे?

दुसरी फळी

यावर उपाय काय, असे आपण विचाराल. उपदेशाने हे होणार नाही, व्यवस्थेने होईल. आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहा. जगभरच्या व्यवस्थापनतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. त्यांच्या प्रत्येक गटात दोन-तीन माणसे गरजेपेक्षा अधिक असतात आणि वेळ पडली तर मुकादम स्वतः डबे उचलतो. एक माणूस आजारी पडला म्हणून ग्राहक उपाशी राहत नाही. शिवाय दरवर्षी गावच्या जत्रांसाठी ते काही दिवस सेवा बंद ठेवतात आणि तसे आधी कळवतात. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कार्यालयात एक मुलगी तापाने घरी राहिली तर हाहाकार होत असेल, तर दोष तापाचा नाही, नियोजनाचा आहे.

विमानसेवेत तर आपण अस्वस्थ आहोत असे वाटणाऱ्या वैमानिकाने उड्डाण करता कामा नये, असाच दंडक आहे. शेकडो प्रवाशांचे प्राण त्याच्या हाती असतात म्हणून. मग घाटात एस.टी. चालवणाऱ्या चालकाच्या हाती काय असते? अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेच्या हाती काय असते? २०१६ साली मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची सूचना एका साध्या पोलीस शिपायाने केली होती. उपाय अनेकदा खालूनच सुचतो, वरच्याने तो ऐकावा लागतो.

कोरोनाच्या काळात आपण हे सारे शिकलोही होतो. २०२० साली खोकणारा माणूस कामावर आला तर लोक त्याला घरी पाठवत. एप्रिल महिन्यात पंचावन्न वर्षांवरील पोलिसांना घरी थांबण्यास मुंबई पोलीस आयुक्तांनी सांगितले होते. तेव्हा त्याला कुणी दुबळेपणा म्हटले नाही. महामारी ओसरली आणि तो शहाणपणाही ओसरला.

मी आपल्याकडे तीनच गोष्टी मागतो. आपण वरिष्ठ असाल तर स्वतः आजारी पडल्यावर उघडपणे रजा घ्या, कारण हाताखालची माणसे तुमचे भाषण ऐकत नाहीत, तुमची हजेरी पाहतात. प्रत्येक कामासाठी दुसरा माणूस तयार ठेवा. आणि कुणी 'बरे नाही' म्हटले, तर 'आजच?' असे विचारू नका. 'घरी कोण आहे? डॉक्टरांकडे कोण नेणार?' एवढेच विचारा.

माझे ते सहकारी आता निवृत्त आहेत. दर दिवाळीला मी त्यांच्याकडे जातो. निवडणुकांचे आकडे त्यांना अजून तोंडपाठ आहेत. मागे एकदा मी धीर करून क्षमा मागितली. ते हसून म्हणाले, "अहो, त्या दिवशी मलाच यायचं होतं." ते मला सावरण्यासाठी बोलले, हे मला कळते. वहिनी तेव्हा चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

आपल्यापैकी कुणावरही तशा शांततेसमोर बसण्याची वेळ येऊ नये, एवढीच प्रार्थना करतो आणि थांबतो.